मन खचलं तर जायचं कुठं? यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांसाठी उपयोगी माहिती

यवतमाळ : "गमत नाई." "जीव घाबरते." "डोक्यात नुसता भुंगा लागला." "झोपच नाई भाऊ, रात्रभर आढ्याकडे पाहत राहतो." जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर सकाळी तासभर बसलं, तर अशी वाक्यं कानावर पडतात. 'डिप्रेशन' कोणी म्हणत नाही. 'नैराश्य' हा शब्द तर भिंतीवरच्या पोस्टरपुरताच आहे. माणूस छातीत धडधड सांगतो, अंग गळून गेल्याचं सांगतो, सलाईन लावून घेतो आणि घरी जातो. खरं दुखणं तसंच राहतं.

मनाच्या दुखण्यावर मदत मिळते, फुकट मिळते आणि मराठीत मिळते. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. वर लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी सांगितली तरी पुरतं. फक्त कोणाला सांगायची, हे माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी एक नंबर : १४४१६. हा केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा नंबर आहे. दिवसा, रात्री, सणावाराला, कधीही लागतो. पैसे पडत नाहीत. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही नंबर घरातल्या एका तरी फोनमध्ये 'मन' किंवा 'मदत' अशा साध्या नावानं सेव्ह करून ठेवा. ऐनवेळी पोस्टर शोधत कोणी फिरत नाही.

जिवावरची वेळ असेल तर आधी दवाखाना

कोणी औषध प्यायलं असेल, स्वतःला इजा करून घेतली असेल, तर १४४१६ नंतर. आधी १०८. ॲम्ब्युलन्सला उशीर दिसत असेल तर गावातली जी गाडी हाताशी असेल ती काढा. पोलीस किंवा इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.

फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. ही सवय गावोगाव आहे आणि ती जिवावर बेतते, कारण उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, ताक, लिंबूपाणी, काही पाजू नका. अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढा आणि कातडी साबण-पाण्यानं धुवा. धुताना आपल्या हातात पन्नी किंवा हातमोजे असू द्या. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर निजवा. औषधाचा डबा किंवा बाटली सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो. २०१७ च्या फवारणी विषबाधेनंतर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांना हे प्रकार नवे राहिलेले नाहीत. तिथं न्यायला कचरू नका.

कचरण्याचं मोठं कारण म्हणजे पोलीस. "केस होईल" या भीतीनं घरचे लोक आधी खासगीत फिरवतात, पडल्याचं सांगतात, औषधाचा डबा लपवतात. त्यात दोन-तीन तास जातात आणि ते तासच महत्त्वाचे असतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन यांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ ज्याच्या नावानं लोक घाबरायचे, तो कायदाच १ जुलै २०२४ पासून गेला. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम तसं ठेवलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याचं काम करण्यापासून रोखायला किंवा भाग पाडायला म्हणून कोणी असा प्रयत्न केला, तेवढ्यापुरतं वेगळं कलम आहे.

दवाखान्यात 'एमएलसी' होते, म्हणजे नोंद होते. पोलीस जबाब घ्यायला येतात. ती नोंद म्हणजे गुन्हा नाही. डॉक्टरला काय झालं ते खरं सांगा.

१४४१६ लावल्यावर काय होतं

बऱ्याच जणांचा फोन यासाठीच राहून जातो की, पुढं कोण बोलंल आणि काय विचारंल ते माहीत नसतं. आधी मशीनचा आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. मराठीचं बटण दाबलं की पुढचं बोलणं मराठीत. मग समुपदेशक फोनवर येतो किंवा येते. नाव सांगायची सक्ती नाही. काय होतंय, कधीपासून, झोप-जेवण कसं आहे, घरात कोण आहे, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का, असे प्रश्न असतात. गरज वाटली तर तिथूनच मानसोपचार तज्ज्ञाशी बोलणं करून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात कुठं जायचं ते सांगतात.

'टेलि-मानस' १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालं. बंगळुरूची 'निमहान्स' ही संस्था त्याची मुख्य मार्गदर्शक आहे आणि राज्याराज्यांत त्याची केंद्रं आहेत. फोन लावणारा माणूस स्वतः आजारीच असला पाहिजे असं काही नाही. बायको नवऱ्यासाठी विचारू शकते, मास्तर विद्यार्थ्यासाठी, शेजारी शेजाऱ्यासाठी. "माह्या भावाचं असं असं चाललंय, मी काय करू?" एवढ्यावर सुद्धा ते बोलतात.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली रेंजची. झरी-जामणी, घाटंजी, उमरखेडच्या बंदी भागात बोलता बोलता फोन कटतो. कटला तर पुन्हा लावा, पहिल्या वाक्यात "आधी बोलणं झालं होतं" म्हणून सांगा. दुसरी अडचण एकांताची. दोन खोल्यांच्या घरात सासू, लेकरं, टीव्ही यांच्यात असं बोलता येत नाही. शेतात, गोठ्यात किंवा देवळामागं जाऊन बोला. नवऱ्याच्याच फोनवरून नवऱ्याबद्दल बोलायची वेळ आलेल्या बाईनं आशाताईच्या फोनवरून लावला तरी चालतो.

१४४१६ शिवाय आणखी काही नंबर मराठी माणसाच्या उपयोगाचे आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा ९१५२९८७८२१ वर आहे, ती दिवसा चालते. पुण्याच्या 'कनेक्टिंग' संस्थेचे स्वयंसेवक ९९२२००११२२ वर दुपारपासून संध्याकाळपर्यंत फक्त ऐकून घेतात, सल्ले देत बसत नाहीत. काही जणांना तेच हवं असतं. 'वांद्रेवाला फाउंडेशन'चा ९९९९६६६५५५ चोवीस तास आहे. लेकरांसाठी १०९८, मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, दारू सोडवायची असेल तर १४४४६. हे सगळे लक्षात राहत नाहीत, राहायची गरजही नाही. १४४१६ आणि १०८ पाठ असले की बाकीचं विचारता येतं.

मराठीही आपली नसेल तर

यवतमाळ जिल्ह्यात 'मातृभाषेत मदत' म्हटलं की प्रश्न मराठीपाशी संपत नाही. पुसद, दिग्रस, महागाव, आर्णी भागातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या पोडांवर कोलामी. गोंडी बोलणारी गावं आहेत. तेलंगणाच्या सीमेवर तेलुगू आहे, वणीच्या कोळसा खाणींवर हिंदी, भोजपुरी. जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर परप्रांतातली माणसं.

१४४१६ वर वीस भाषा आहेत. त्यात मराठी, हिंदी, तेलुगू, उर्दू, गुजराती, बंगाली, ओडिया येतात. म्हणजे पाटणबोरीतलं तेलुगू बोलणारं घर किंवा वणीतला ओडिशाचा मजूर आपल्या भाषेत बोलू शकतो. त्याच्या गावाकडच्या भाषेचं बटण दाबायचं, एवढंच. मालकांनी, ठेकेदारांनी हा नंबर कामावरच्या माणसांना हिंदीत सांगून ठेवायला काही खर्च येत नाही.

कोलामी, गोंडी, गोरमाटीचं बटण मात्र त्यात नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायला सध्या माणूसच लागतो. कोलाम ही विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. पोडावरच्या म्हाताऱ्या बाईला मराठी बाजारापुरती येते. भाव करता येतो, पण जिवातलं सांगता येत नाही. अशा वेळी दुभाषा कोण असावा, हे फार महत्त्वाचं ठरतं. शाळेत जाणाऱ्या लेकराला दुभाषा करू नका. आईला जगावंसं वाटत नाही, हे दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून डॉक्टरला सांगायला लावणं बरोबर नाही, आणि आई त्याच्यासमोर ते सांगतही नाही. भांडण ज्याच्याशी आहे तोही दुभाषा नको. पोडावरची आशा, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेत शिकलेली मोठी मुलगी, तांड्याचा भरवशाचा कारभारी, असं कोणी चालतं. त्या माणसाला एकच सांगायचं : जे म्हटलं तेच सांग, आपलं काही जोडू नको, आणि बाहेर बोलू नको.

फोनवर सुद्धा हे जमतं. स्पीकर सुरू करायचा, पेशंट आणि दुभाषा दोघं बसायचं आणि सुरुवातीलाच समुपदेशकाला सांगायचं की, बोलणारी बाई कोलामीत बोलंल आणि मी मराठीत सांगन.

वऱ्हाडी बोलणाऱ्यांनी तर लाज धरायचं कारणच नाही. "मले", "तुले" म्हटलं म्हणून कोणी हसत नाही. पुस्तकी मराठी बोलायच्या नादात माणूस खरं दुखणं बाजूला ठेवतो आणि "थोडा ताण आहे" म्हणून मोकळा होतो.

गावात, तालुक्यात, जिल्ह्याला

फोन नको, समोर माणूस पाहिजे, असं वाटणारे जास्त. त्यांच्यासाठी पहिली पायरी आशाताई. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारनं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. त्यातच आशांना घरोघरी जाऊन विचारायचे प्रश्न शिकवले गेले. मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, कामात मन लागतं का, जगणं नको वाटतं का, असे ते नऊ प्रश्न. आशा घरी आली आणि असलं काही विचारू लागली तर "आमच्या घरी कोणी पागल नाही" म्हणून तिला परत पाठवू नका. ती रक्तदाब विचारते तसंच हे विचारते.

दुसरी पायरी उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी 'ई-संजीवनी'वरून मोठ्या डॉक्टरशी व्हिडीओवर बोलणं करून देऊ शकतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पांढरकवडा आणि पुसदसारखी उपजिल्हा रुग्णालयं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतं. तो दिवस बदलत असतो. म्हणून निघायच्या आधी आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला फोन करून विचारा. सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन "डॉक्टर परवा येतील" ऐकणं फार वाईट. एकदा तसं झालं की पेशंट दुसऱ्यांदा निघत नाही.

यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. खिडकीवर केसपेपर काढताना "मानसोपचार" एवढंच म्हणायचं, रांगेत मोठ्यानं सगळं सांगायची गरज नाही. पण सगळ्यांनी यवतमाळलाच जावं असं नाही. वणी, मारेगावच्या माणसाला चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. उमरखेडच्या माणसाला नांदेड. पाटणबोरीकडचा माणूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातोच, तिथंही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि तेलुगू बोलणाऱ्याला ते सोयीचं. जिल्ह्याची हद्द पाहून जास्त पैसे मोडायचे आणि पेशंटला जास्त हाल सोसायला लावायचे, यात शहाणपण नाही.

पैशाचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना दुसऱ्या खात्याचा, तिथं केसपेपरला थोडे पैसे लागू शकतात. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. सोबत आधार कार्ड, आधीचे कागद आणि सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सुद्धा.

भरती ठेवण्यासारखा आजार असेल तर विदर्भासाठी नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चार आहेत : नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी. नाव ऐकलं की लोक दचकतात, पण उदासी, घाबरणं, झोप न येणं यासाठी तिथं जायची वेळ बहुतेकांवर येत नाही. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन माणूस त्याच दिवशी घरी येतो.

गावातल्याच शिकवलेल्या माणसांमार्फत हे काम होऊ शकतं का, याचा अनुभव शेजारच्या अमरावती जिल्ह्यात घेऊन झालाय. 'विश्राम' नावाचा कार्यक्रम तिथल्या ३० गावांत दीड वर्ष चालला. त्याचे आकडे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्के झालं. वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. गावं आपल्यासारखीच, कापूस-सोयाबीनची.

घरच्यांनी काय पाहायचं, काय विचारायचं

बोलका माणूस गप्प होतो. हंगामाच्या ऐन दिवसांत शेतात जायचं टाळतो. दारू वाढते. कारण नसताना बैलजोडी विकायचं काढतो, बँकेचे कागद, सातबारा एकत्र करून "हे इथं ठेवलंय" म्हणून दाखवतो. "माह्या मागं पोरांकडं लक्ष द्या" असं बोलून जातो. बरेच दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी शांत झाला तरी लक्ष ठेवा.

अशा वेळी सरळ विचारायचं. "भाऊ, जीव द्यायचं मनात येते काय?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज खोटा आहे. विचारलं की उलट मोकळं वाटतं, कारण तोवर कोणी विचारलेलंच नसतं. उत्तर 'हो' आलं तर ओरडायचं नाही, रडायचं नाही, लेकराबाळांची शपथ घालायची नाही. "तुले काय कमी आहे?" हे वाक्य तर बोलूच नये. ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच्यासमोर १४४१६ लावा किंवा दुसऱ्या दिवशी सोबत जाऊन डॉक्टरला दाखवा.

आणि घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी हलवा. आपल्याकडं डबे पलंगाखाली, माळ्यावर, चुलीच्या मागं असतात. एरवी सुद्धा ते तिथं नसावेत. पेटीत कुलूप लावून ठेवा आणि चावी दुसऱ्याकडं द्या, किंवा भावाच्या घरी नेऊन ठेवा. जिवावर उठायचा विचार बहुतेक वेळा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढ्या वेळात हाताशी औषध नसणं, हा खरा बचाव आहे. जगात अनेक ठिकाणी हे दिसून आलंय.

कर्जाच्या त्रासावर गोळी नाही, हे खरं. पण झोप झालेला माणूस बँकेत जाऊन बोलू शकतो, न झोपलेला नाही. सावकाराचा त्रास असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते. फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर १५१००. दोन्ही गोष्टी एकदमच कराव्यात. आधी कर्ज फिटू दे, मग डॉक्टर पाहू, असं म्हणण्यात वर्षं जातात.

गोळ्या आणि भगत

"त्या झोपेच्या गोळ्या असतात, सवय लागते," असं गावात प्रत्येक जण सांगतो. उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या नसतात आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात नुसतं मळमळतं, तोंड कोरडं पडतं, गुण काहीच दिसत नाही, आणि तिथंच निम्मे लोक गोळ्या फेकून देतात. दुसरी चूक बरं वाटल्यावरची. दोन महिन्यांत माणूस कामाला लागतो आणि गोळ्या बंद करतो. बंद कधी आणि कशा करायच्या, ते डॉक्टरला विचारूनच.

लोक आधी भगताकडं, जाणत्याकडं जातात. त्यांना हिणवून काही होत नाही. अंगारा लावा, नवस करा, पण गोळी सुरू ठेवा. उपाशी ठेवणं, मारणं, चटके देणं हे मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीनं बांधून ठेवायलाही २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. असं कुठं दिसलं तर ११२ वर कळवा.

मोजणीत न येणारे

मनाच्या दुखण्याची चर्चा आपल्याकडं शेतकरी आत्महत्येपाशी सुरू होते आणि तिथंच थांबते. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणची १९८६ ची घटना सगळ्यांना माहीत आहे, दर १९ मार्चला त्या आठवणीत अन्नत्याग होतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्यांची नोंद आहे, त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त आहेत. महाराष्ट्राचा आकडा ४,२४८, देशात सगळ्यात मोठा. मजुराच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्याच्या घरी पुढारी येत नाही. बाईच्या नावावरही नसतो. शेतात ती राबते आणि कागदावर 'गृहिणी' होते.

बाळंतपणानंतरची उदासी हे असंच झाकलेलं दुखणं. बाळ झाल्यावर बाई रडते, बाळाकडं पाहत नाही, खात नाही, तेव्हा "नखरे" म्हणून सोडून देतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असं राहिलं तर लसीकरणाच्या दिवशीच नर्सबाईला सांगा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत पोरांकडं लक्ष ठेवा. निकाल लागला त्या रात्री पोराला एकटं झोपू देऊ नका. १४४१६ पोरांसाठीही आहे.

ज्या घरात असं घडून गेलं, त्या घराला पहिले तेरा दिवस माणसं पुरतात. मग कोणी फिरकत नाही. पंचनामा, मदतीच्या फायलीसाठी तहसीलच्या चकरा, लोकांचं "तिनंच काही म्हटलं असंल" हे बोलणं, सगळं त्या बाईवर येतं. पोळ्याला दारात जोडी नसते. त्या घरातल्या मोठ्यांना आणि लेकरांनाही मदतीची गरज असते. त्यांच्यासाठी तोच नंबर, तोच दवाखाना. शेजाऱ्यानं सोबत जायचं, एसटीच्या वेळेला फाट्यावर सोडायचं, दवाखान्याच्या दिवशी तिचं जनावर सांभाळायचं.

जुना, लांबलेला मानसिक आजार असेल तर ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यावर एसटीची सवलत आहे आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. उपचार जिथं सुरू आहेत तिथल्या डॉक्टरकडं आधी विचारायचं आणि सगळे केसपेपर जपून ठेवायचे. पहिला केसपेपर हरवला तर आजार कधीपासून आहे, ते दाखवायला अडचण येते.